पोरीचं लग्न होऊ दे, मग

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. पितळेची, लाकडी मुठीची, चांगली वजनदार. साच्यातून निघाले तेव्हा मी अशी लखलखत होते की कारागिराने माझ्यात बघून मिशी सारखी केली होती. तिथून एका इस्त्रीवाल्याच्या हाती पडले आणि त्याचीच होऊन राहिले.

मित्रांनो, काय त्याचा हात! हट्टी कॉलरसुद्धा मुकाट्याने सरळ व्हायची. गिऱ्हाइकांनी कौतुक केलं की तो खुशीत मला थोपटायचा आणि मग भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत बसायचा.

एकदा शेजाऱ्याच्या ऑपरेशनसाठी तो रक्त द्यायला गेला आणि न देताच परत आला. त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. पुढे आणखी तपासण्या झाल्या. त्यांचे निकाल आले त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून तो बायकोला म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणतात, हा विषाणू कधीपासूनच घर करून बसलाय. यकृताला सूज आहे. रोज एक गोळी सुरू करा म्हणतात. बहुतेक जन्मभर. मधेच सोडायची नाही."

"मग घ्या की!"

"अगं, मला कुठे काय होतंय? दुखत नाही, खुपत नाही. उगाच बोभाटा झाला तर आपल्याकडे कपडे कोण टाकेल?"

"कपड्यांनी पसरत नाही म्हणाल्या ना त्या?"

"ते त्यांना माहीत आहे. गल्लीला कोण सांगणार?" तो बराच वेळ माझ्यातले निखारे हलवत राहिला. "पोरीचं जमतंय. तिचं लग्न होऊ दे, मग लगेच सुरू करतो."

बायकोची आणि पोरीची तपासणी मात्र त्याने करून घेतली. दोघींना काही नव्हतं. त्यांना लसही टोचून आणली. पोरीला कारण सांगितलं नाही.

ते स्थळ फिसकटलं. दुसरं आलं, तेही लांबलं. बायको विषय काढायची, तो टाळायचा. मला मात्र कळत होतं. त्याची पकड सैल पडत चालली होती. अर्धी पँट झाली की तो मला बाजूला ठेवून धापा टाकायचा. पायांवर सूज दिसू लागली.

शेवटी पोरीचं ठरलं. एका सकाळी ती दुकानाच्या दारात त्याच्याशी बोलत होती. उजेडात तिला त्याचे डोळे पिवळे दिसले. तिने आईला खोदून खोदून विचारलं आणि सगळं ऐकून ती तडक होणाऱ्या सासूकडे गेली. संध्याकाळी ती बाईच दुकानात आली.

"दादा, एवढंच होतं? माझा थोरला भाऊ हीच गोळी रोज घेतो. कामावर जातो, नातवंडं खेळवतो. आम्हाला विचारायचं तरी!"

तो मला उचलायचंच विसरला. माझ्याखाली एक सदरा जळला. त्याच्या हातून जळलेला तो पहिलाच.

दुसऱ्याच दिवशी त्याने गोळी सुरू केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू आवरेल. पण यकृत फार आकसलंय. गेलं तेवढं परत मिळेल असं मी सांगू शकत नाही." त्याने एक दिवसही चुकवला नाही. पोरीचं लग्न त्याने खुर्चीत बसून पाहिलं. मग पोटात पाणी भरू लागलं, दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि एकदा गेला तो परतलाच नाही.

आता बायको विजेच्या इस्त्रीवर दुकान चालवते. मी वरच्या फळीवर असते. मूठ तडकली आहे. पण मूठ तडकल्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी 'मला काही होत नाही' म्हणत औषध पुढे ढकलत असेल, तर रागावू नका. त्याच्याजवळ बसा. नेमकी भीती कशाची वाटते, ते विचारा आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. आमच्या इस्त्रीवाल्याला हे वेळेवर कुणी विचारलं नाही. मी रोज त्याच्या हातात होते. पण मला वाचा कुठे होती?