सासूबाईंचं शिवण आणि दाखला

आमच्या चुलीवरच्या भिंतीला दोनच चौकटी होत्या आणि दोन्ही माझ्या सासूबाईंच्या. एकीत त्यांचं शाळेतलं शिवण. त्या काळी मास्तरीणबाई चांगल्या कापडाला मुद्दाम कात्रीने भोक पाडायच्या आणि पोरींनी ते रफू करायचं. भोक कुठे होतं ते बोटालाही कळत नसे. दुसरीत त्याच शाळेचा दाखला, मुकुटाचा ठसा असलेला, सगळा इंग्रजीत. आम्ही वेल्समधली, वेल्श बोलणारी माणसं; इंग्रजी वाचणारं गावात फारसं कुणी नव्हतं. येणारा-जाणारा वर बघून सासूबाईंना म्हणायचा, "बेथन हुशार हो!"

माझा नवरा इदवाल पाटीच्या दगडाच्या खाणीत होता. ती धूळ छातीत बसून त्याने अंथरूण धरलं, तेव्हा आमची मॅलेन चौदा वर्षांची होती. मोठ्या शाळेत आणखी काही वर्षं काढली तर शिक्षिका होणार होती. लिव्हरपूलच्या एका बाईंना मात्र घरकामाला मुलगी लगेच हवी होती.

त्या रविवारी आमच्या पाळकांनी प्रवचन काय गायलं! आधी साधं बोलणं, मग आवाज चढत चढत सुरात गेला. "तुमच्या लेकरांना तो विसरत नाही, नाही विसरत!" प्रार्थनाघरात पुरुषमाणसंसुद्धा रडत होती. मला वाटलं, हे माझ्यासाठीच. त्याच बळावर घरी आले.

"इदवाल, या घराण्यात विद्या आहे. तुझ्या आईचा दाखला बघ की!"

"दाखला खाऊन पोट भरतं होय?" तो खोकत म्हणाला. "बरं, मॅलेन, वाच तरी. जन्मभर नुसता बघतोय."

"राहू दे गं, काच फुटेल," सासूबाई घाईने म्हणाल्या.

पण मॅलेन स्टुलावर चढलीसुद्धा. एकेक ओळ वाचून ती आमच्या भाषेत सांगू लागली. "बेथन प्रिचर्ड, वय दहा. नेमलेली परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. यापुढे शाळेची सक्ती नाही. कामाला लावण्यास हरकत नाही."

"म्हणजे बक्षीस नव्हे?" मी विचारलं.

"नाही आई. शाळेतून काढायची परवानगी."

इदवालला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. "घ्या! घराण्याची विद्या."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी सासूबाईंना विचारलं.

"बाप म्हणाला, बक्षीस आहे. पुढे इंग्लंडात चेस्टरला मोठ्या घरी भांडी घासताना इंग्रजी कळायला लागलं, तेव्हा उमगलं. मग काय, उतरवून ठेवू? दुसरं होतं काय गं माझ्याकडे?" त्या लेकाकडे वळल्या. "पोरीला काढू नकोस, बाळा."

"मग चूल कोण पेटवणार, आई? तू?"

मॅलेनने चौकट परत खिळ्याला लावली आणि सरळ केली.

गुरुवारी मी तिचं नाव काढायला तिच्याबरोबर शाळेत गेले. मोठ्या बाई इंग्रज. त्या पुष्कळ बोलल्या, मला एक शब्द कळला नाही. बोलता बोलता त्यांनी माझा हात धरला, आपले डोळे पुसले आणि शेवटी नाव काढायचा कागद पुढे ठेवून काहीतरी विचारलं. वाटभर मी देवाला हाका मारत आले होते. तिथे त्याचं नावसुद्धा ओठावर येईना.

"काय म्हणतायत गं?" मी मॅलेनला विचारलं.

"काही नाही, आई," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तू नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.