तिसरी वाट

"करू बंद?" शिडीवरून त्याने विचारले.

"थांबा हो! बहीण बोलतेय माझी," मॅनेजरबाई मोबाइल सावरत म्हणाल्या. "मागच्या माणसानं असंच विचारलं, आणि अख्खं ऑफिस दुपारभर नेटवाचून हात चोळत बसलं."

वायफायवाला हसला. छताला बसवलेल्या नव्या यंत्राकडे बोट करून त्याने पाठ झालेले वाक्य म्हटले, "हे मोबाइलशी एकाच वेळी तीन वाटांनी बोलतं. एक बंद पडली, की तिचा भार उरलेल्या दोघी वाटून घेतात."

त्याने एक वाट बंद केली. पडद्यावरची बहीण न अडखळता हसतच राहिली.

"केली? कळलंसुद्धा नाही हो!"

"कळलं, तर आम्हाला शिव्या बसतात, बाई."

बायको गेल्याला दोनेक महिने होत आले होते. घराचे काही अडले नव्हते. बाजारहाट लेक बघायची, स्वयंपाक दोघे मिळून उरकायचे, सोबत राहणाऱ्या सासूबाईंच्या गोळ्या तो द्यायचा. "छान सावरलंत," शेजारीण म्हणाली होती. त्याला रडू आले नव्हते, तेव्हाही आणि नंतरही. जन्मभर राबलेल्या बाईवाचून एक काम खोळंबू नये, याचा त्याला राग येई. पण तो काढायचा कुणावर?

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन बसला. वर्षानुवर्षे याच वेळी तिचा फोन यायचा, आणि तो करवादायचा, "घास तरी गिळू देशील?" ती गेल्यापासून ही वेळ मुकी होती.

आज फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?" लेकीने विचारले. आवाजाची ढब अगदी आईची.

"आज कसा काय फोन?"

"आई करायची ना. म्हटलं, आता मी करत जाईन."



"बाकी सगळं करतेसच की तू," तो म्हणाला. "हे नको करूस."

"का हो?"

"एवढं एक अडू दे गं."

लेक "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. त्याने फोन डब्याशेजारी ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसला. आजूबाजूचे जेवून उठायला लागले. फोन वाजला नाही.

"जेवतो गं," तो म्हणाला, आणि त्याने झाकण उघडले.