एकशे वीसची कृपा

समगुरूंनी दोन्ही तळहात वर नेले, डोळे मिटले, आणि अख्ख्या सभागृहाने श्वास रोखून धरला. दाराशी उभे असलेलेही टाचा उंचावून बघू लागले. बघत होते ते गुरूंकडे नाही, त्यांच्या मागच्या भिंतभर पडद्याकडे. सभागृहात जितक्या खुर्च्या तितके पडद्यावर चौकोन. त्याच रांगा, तेच क्रमांक. प्रत्येक खुर्चीला मनगटावर बांधायचा एक पट्टा जोडलेला. त्यावरचं बटण दाबलं की तो फुगायचा, मनगट आवळून सुटायचा, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या ब्लडप्रेशरचा वरचा आकडा त्याच्या चौकोनात उमटायचा. ठीक असेल तर हिरवा, चढलेला असेल तर लाल. आत्ता निम्मा पडदा लालभडक होता.

"तुमचं रक्त आपसात भांडतंय, बाळांनो!" समगुरू म्हणाले. गालाला चिकटवलेल्या माइकमुळे त्यांचा उसासासुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "कुणाचं एकशे साठ, कुणाचं एकशे नव्वद. विषमता! सगळी व्याधी विषमतेची. विश्वाची फ्रिक्वेन्सी मात्र एकच. आता माझ्या तळव्यांतून तरंग निघतील, ते तुमच्या कंपनांना भिडतील, कंपनं लहरींत विरतील, लहरी तरंगांत..." म्हणजे निघाले होते तिथेच परत आले, पण विचारतंय कोण! "...आणि सम!"

पट्टे पुन्हा फुसफुसले. पडदा क्षणभर काळा झाला, आणि उजळला तेव्हा लाल रंग औषधालाही उरला नव्हता. एकशे वीस, एकशे वीस, जिकडे बघावं तिकडे एकशे वीस! कुणी हुंदके देत होतं, कुणी अनोळखी शेजाऱ्याच्या गळ्यात पडत होतं.

तिसऱ्या रांगेतल्या सातव्या खुर्चीवर आत्या रुमालाने डोळे पुसत होती. तिचे एकशे अठ्ठ्याहत्तरचे एकशे वीस झाले होते. शेजारी तिची भाची होती. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती स्वस्थ बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भिंगरीचे आधी एकशे बारा होते आणि नंतरही एकशे बाराच.

"माझा आकडा हललाच नाही," ती पांढऱ्या कपड्यांतल्या स्वयंसेवकाला म्हणाली.

"आपण मुळातच सम आहात, ताई. गुरुदेव लागेल तिथेच हात लावतात."

"अहो, पण ब्लडप्रेशर सारखं थोडं इकडेतिकडे होत असतं. दोनदा मोजल्यावर प्रत्येकाचं तंतोतंत तेच कसं येईल? हे बघा, हिरवेवाले सगळे जिथल्या तिथे आहेत."

"शंका हे चढलेल्या रक्ताचं लक्षण आहे," असं म्हणून तो पुढे सटकला.

"माझं एकशे बारा आहे हो!" भिंगरी त्याच्या पाठीला म्हणाली.

एरवी भिंगरीने हे सगळं गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण आत्याने गोळ्या बंद केल्या होत्या. आई गेली तेव्हा भिंगरीचे दुधाचे दातही पडले नव्हते. तिला न्हाऊमाखू घालून, अभ्यासाला बसवून, तापात उशाशी जागून वाढवलं ते आत्याने. जन्मभर बालवाडी चालवलेली बाई ती. दांडग्या पुरुषांनाही एका नजरेत खाली बसवायची. तिला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "गोळी चुकवू नका. एखाद्या दिवशी डोक्यातली नस फुटली तर अर्धं अंग लुळं पडेल." आणि समगुरूंचा पहिला नियम असा, की गोळी घेतली की कृपा आटते. दुसरा असा, की घरी मोजायचं नाही, कारण घरचं यंत्र घरच्या कटकटी मोजतं. आत्याने गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि यंत्र वॉचमनला देऊन मोकळी झाली.

सत्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातून बशी निसटून फुटली.

"डोकं दुखतंय का गं?" भिंगरीने विचारलं.

"जरा जड आहे. रक्त सम होताना होतंच तसं, गुरुदेव म्हणालेत."

"दुखलं तरी कृपा, थांबलं तरी कृपा? मग कृपा नाही हे ओळखायचं कशावरून?"

"तुला ना, भातात नसलेला खडाही लागतो!" आत्या म्हणाली, आणि बशीचे तुकडे उचलायला वाकता वाकता भिंत धरून थांबली. भिंगरीने तिला धरून खुर्चीत बसवलं.

पुढच्या सत्राला ती मुद्दाम आत्याबरोबर गेली. मोजणी सुरू व्हायच्या ऐन वेळी आत्याला बाथरूमला जावं लागलं. पट्टा खुर्चीच्या हातावर लोंबकळत राहिला. पडद्यावर तिसऱ्या रांगेतला सातवा चौकोन रिकामा, नुसती आडवी रेघ. मग तरंग निघाले, कंपनांना भिडले, "सम!" झालं, आणि त्या रेघेच्या जागी टपोरे हिरवे एकशे वीस आले.

भिंगरी ताडकन उभी राहिली. अहो, हेच काम ती रोज ऑफिसात करत होती! ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होती. टाक्यांतलं पाणी मोजणारे सेन्सर दिवसभर आकडे पाठवत, आणि ते रांगा-रकान्यांत मांडून प्रोग्रामकडून तपासून घेणं हे तिचं काम. सेन्सर बिघडला की तो उणे नऊशे नव्व्याण्णव पाठवायचा. ते तसंच ठेवलं तर सरासरीत अख्ख्या शहराचं पाणी जमिनीखाली जाई. एकदा गेलंही होतं, आणि साहेबांनी धसका घेऊन टँकर मागवले होते. म्हणून प्रोग्रामला सांगायचं, जो आकडा वेडावाकडा किंवा गायब असेल त्यावर झाकण टाक, आणि झाकलेल्या जागी अमुक आकडा भर. एका ओळीचं काम. इथेही तेच चाललं होतं. एकशे तीसच्या वरचं झाका, रिकामं असेल तेही झाका, आणि झाकलेल्या प्रत्येक जागी एकशे वीस भरा. फक्त रिकाम्या खुर्च्या वगळायचं प्रोग्राम लिहिणाऱ्या दीडशहाण्याला सुचलं नव्हतं, कारण इथे खुर्ची कधी रिकामी राहतच नसे.

"आत्या, तू बाथरूममध्ये होतीस तेव्हा तुझं प्रेशर एकशे वीस दाखवलं!" ती घरी येताना म्हणाली.

"बघ! कृपेला भिंतींचा अडथळा नाही."

"अगं, पट्टा खुर्चीला लटकत होता!"

"मग खुर्चीवर झाली कृपा. तुझं काय गेलं त्यात?"

भिंगरीने कपाळावर हात मारला. सांगून भागणार नव्हतं, दाखवायलाच हवं होतं. "बरं, पैज लाव. पुढच्या वेळी पट्टा तुझ्या पिशवीला बांधायचा. आकडा आला नाही, तर मी तुझ्या गुरूंच्या पाया पडेन आणि पुन्हा ब्र काढणार नाही. एकशे वीस आला, तर तू माझ्यादेखत गोळी घ्यायची."

"पिशवीला रक्त असतं का, खुळे? कुठून येणार आकडा? लागली पैज!" खुर्चीवर आत्ताच कृपा करून बसलेली आत्या पिशवीच्या बाबतीत एकदम व्यवहारी झाली.

झालं. ठरल्या दिवशी पट्टा पिशवीच्या बंदांना गुंडाळला. बटण दाबलं. चौकोनात रेघ.

"बघितलंस?" आत्या कुजबुजली. "पड आता पाया."

"थांब गं जरा."

तळहात वर गेले. "सम!" आणि पिशवीचं ब्लडप्रेशर एकशे वीस झालं. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. एकशे वीस कायम होते.

त्यात समगुरूंचं दुर्दैव असं, की दर सत्राला ते कुणातरी एकाला अनुभव सांगायला उठवत, आणि आज त्यांचं बोट फिरत फिरत तिसऱ्या रांगेवर येऊन थांबलं. "सातवी खुर्ची! बोला माई, आत कसं वाटतंय?"

आत्या उठली. पट्ट्यासकट पिशवी उंच धरली. "मला काय विचारता? आकडा हिचा आहे, हिला विचारा. आत छत्री आहे, चष्म्याचं घर आहे आणि अर्धवट विणलेला स्वेटर. यातल्या कुणाचं रक्त सम केलंत?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माई, चैतन्य जडातही असतं," समगुरू गोड हसले. "पिशवीलाही ताण असतो."

"असेल! पण तिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नव्हत्या, मला दिल्या होत्या!" आत्याचा आवाज चढला. तिने सभागृहाकडे तोंड केलं. "सगळ्यांनी पट्टे काढा. जवळ जी वस्तू असेल तिला बांधा आणि बटण दाबा. बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही."

एवढी थोरली माणसं, पण निमूट कामाला लागली. कुणी थर्मासला पट्टा बांधला, कुणी हेल्मेटला. एका आजोबांनी काठीला बांधला. पहिल्या रांगेतल्या वकिलांनी इकडेतिकडे बघून डोक्यावरचा केसांचा टोप उतरवला आणि त्याला बांधला. पडदाभर रेघाच रेघा झाल्या, एकच गलका उठला.

"शांत व्हा! शांत व्हा!" म्हणत समगुरू दोन्ही तळहात वर करून पुढे आले. पडद्याआडच्या कॉम्प्युटरवाल्याला एवढंच शिकवलं होतं, की तळहात वर गेले की आपल्याकडचं बटण दाबायचं. त्याने इमानेइतबारे दाबलं.

थर्मास एकशे वीस. हेल्मेट एकशे वीस. काठी, टोप, सगळ्यांची तब्येत ठणठणीत! सभागृह हसून हसून खुर्च्यांवर आडवं झालं. "हात खाली घ्या हो," आजोबा ओरडले, "नाहीतर काठी मला सोडून चालायला लागेल!"

समगुरू मागच्या दाराने निसटले. मात्र गालावरचा माइक काढायचा राहून गेला, त्यामुळे "गाडी काढ, आधी गाडी काढ" हे त्यांचे अखेरचे तरंग सगळ्यांना स्वच्छ ऐकू आले.

भिंगरीने कॉम्प्युटरवाल्याला बाहेर ओढला आणि ती एक ओळ त्याला पडद्यावर उघडायला लावली. "आकडा भरणं हा गुन्हा नाही," ती म्हणाली. "आम्हीही भरतो. पण पुढे खूण करतो, की हा आम्ही ठेवलेला आहे, यावर विसंबू नका. यांनी खूण केलीच नाही, आणि वर त्याला कृपा म्हटलं. दुसऱ्यांदा पट्टे फुगायचे ते नुसते आवाजाला. मोजणी व्हायची ती एकदाच, पहिल्यांदा."

"म्हणजे," आत्याने हळूच विचारलं, "पहिला आकडा खरा होता?"

"हो आत्या. लाल होता तोच खरा."

हसणं थांबलं. आत्या खाली बसली. पिशवीचा पट्टा सोडून तिने स्वतःच्या मनगटाला बांधला आणि कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली, "आता काही झाकू नकोस रे बाबा." पट्टा फुगला, सुटला. एकशे चौऱ्याण्णव. लाल.

भिंगरीने तिचा हात हातात घेतला.

"मला वाटलं, सुटले मी यातून," आत्या म्हणाली. "भीती वाटायची गं रोज त्या गोळ्यांकडे बघून. तो आकडा बघितला की भीती जायची, म्हणून येत होते."

"मला तुझ्यासाठी भीती वाटत होती," भिंगरी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मग आजोबांनी काठीचा पट्टा सोडला, वकिलांनी टोपाचा. एकेक करून सगळ्यांनी आपापल्या मनगटांना बांधले. पडदा पुन्हा लाल होत गेला, आणि या वेळी कुणी त्याला हिरवा केला नाही. घरी जाताना लोक एकमेकांना डॉक्टरांचे पत्ते विचारत होते.

आत्याने पैज पाळली. दवाखान्यात डॉक्टरांची बोलणी मुकाट ऐकली आणि भिंगरीदेखत गोळी गिळली. गोळीने काही क्षणात चमत्कार झाला नाही, बरेच दिवस लागले. एकशे वीस तर अजूनही येत नाहीत. कधी एकशे चौतीस येतात, कधी एकशे अडतीस. पण ते आकडे आत्याचे स्वतःचे आहेत, आणि आत्या धडधाकट आहे.

तर मंडळी, उद्या कुणी हात वर करून तुमचा आकडा गोड करून दाखवला, मग तो रक्ताचा असो, साखरेचा असो नाहीतर नशिबाचा, तर पाया पडायच्या आधी एवढं विचारा, की हा मोजलाय की भरलाय? विचारल्याने देव रागावत नाही, रागावतो तो बटणवाला. आणि उत्तर मिळेपर्यंत, कृपा करून, गोळी चालू ठेवा.