खिडकीसाठी दुप्पट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. पण मला कुणी फेकत नाही. बॅकगॅमन म्हणजे फासे टाकून आपल्या सगळ्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढायचा खेळ; त्याच्या पटाशेजारी मी नुसता बसून असतो. ज्याला आपला डाव वरचढ वाटेल त्याने मला पुढे सरकवायचं, म्हणजे डाव दुप्पट गुणांचा. समोरच्याने मला घ्यायचं, नाहीतर तिथेच एक गुण देऊन डाव सोडायचा. एवढं सोपं काम. पण माझ्या मालकांना जमेल तर शपथ!

मालक म्हणजे भाऊ-बहीण. दादा घड्याळं दुरुस्त करतो, धाकटी कपडे शिवते. दुकान एक आणि खिडकीही एकच. म्हणून दरवर्षी पाच गुणांचा सामना होतो. जो जिंकेल त्याचं टेबल वर्षभर खिडकीशी. सुताराने मला घडवून आकडे कोरले, तेव्हा "काय सुबक झालाय!" म्हणून दोघांनी कौतुक केलं. मग धाकटीने मला मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. सामन्यापुरती काय ती सुटका.

धाकटी भित्री. सोंगट्या जोडीनेच हलवणार, कारण एकटी सोंगटी दादा मारेल. मग एकटी सोंगटी पुढे टाकल्याशिवाय दादाला अडवणारी सोंगट्यांची भिंत बांधणार कशी? गेल्या वर्षी तीन-तीन अशी बरोबरी होती आणि डाव तिच्या बाजूने झुकला होता. मी मनात ओरडत होतो, "आत्ता सरकव गं बाई!" ती थांबली. विजय अगदी पक्का झाल्यावर तिने मला पुढे केलं. दादा काय खुळा आहे? त्याने डाव सोडून दिला. दोनाऐवजी एकच गुण तिच्या पदरात पडला आणि पुढचे दोन्ही डाव दादाने मारले. वर्षभर ती कोपऱ्यात काळ्या कापडावर काळा दोरा चाचपत, बोटं टोचून घेत बसली. माझं डोकं फिरलं होतं, पण मला बोलता कुठे येतं?

यंदा पुन्हा तीन-तीन. तिने श्वास रोखून एक सोंगटी एकटी सोडली. दादाला हवा तो आकडा पडला नाही आणि पुढच्याच खेपेला तिची भिंत उभी राहिली. पक्कं अजून काहीच नव्हतं. तरी तिने मला पुढे सरकवलं.

"दुप्पट."

"एवढ्यात? घाई करतेयस हं."

"नको असेल तर सोड ना, दादा."

"सोडतोय कसला! घेतला."

चुरस शेवटपर्यंत झाली. शेवटची सोंगटी पटाबाहेर आधी काढली ती धाकटीने. दोन गुण, म्हणजे पाच पुरे!

दादाने स्वतःच तिचं मशीन खिडकीपाशी ओढलं. तिने पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. मशीन डुगडुगलं, आणि मी? पुन्हा पायाखाली!

मित्रांनो, मला खुशाल पायाखाली ठेवा. पण वेळ आली की काढा. सगळं पक्कं व्हायची वाट बघत बसू नका. दिवसभर हादरे खातोय मी, पण आता माझ्यावरही थोडं ऊन येतं.