ओढ्याकाठची फळी

मित्रांनो, मी एक जुनी ओकची फळी आहे. केंटकीच्या डोंगरात, तंबाखू सुकवायच्या कोठाराच्या भिंतीत मी साठ वर्षं ताठ उभी होते. कोठार पाडल्यावर गावातल्या डेल्फी नावाच्या मुलीने मला ओढ्याकाठी चिखलात आडवं टाकलं, तेव्हा मला फार अपमान वाटला.

मग माझं काम कळलं. कोळशाच्या खाणीने हा ओढा गाळाने बुजवला होता. सॅलमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे पण बेडकांच्या गोत्रातले ओलसर जीव, इथून नाहीसे झाले होते. डेल्फीने गाळ उपसला, सहा वर्षं झाडं लावली. असे जीव लाकडाखाली दडतात, म्हणून आता ते परतले का, हे माझ्याखाली बघायचं होतं. ऑगस्टअखेर एकही दिसला नाही, तर ओढा मेला असं समजून दरी दगडखाणीला द्यायची, असं गावसभेत ठरलं होतं.

डेल्फी हट्टी. रोज सकाळी मला उचलून बघायची. खाली मुंग्या आणि एखादी गोगलगाय! उघडून उघडून माझ्याखालची माती वाळली. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण फळीला कुठलं तोंड?

सांगितलं ते शेजारच्या ओरिसकाकांनी. सॅलमँडर पकडून माशांच्या गळाला लावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"पोरी, सारखं झाकण काढलंस तर घेवडा शिजेल का?"

"काका, तुम्ही तर बोलूच नका! निम्मे तुमच्याच गळाला गेलेत."

"गेले ना! म्हणून तर त्यांच्या खोडी मला ठाऊक. ओल लागते त्यांना. महिनाभर हिला हात लावू नकोस."

डेल्फीचा चेहरा उतरला, पण तिने ऐकलं. रोज यायची, हात खिशात कोंबून उभी राहायची आणि परत जायची. तिची तळमळ मला बघवत नसे.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सभेचे दोघे जण आले. डेल्फीने मला उचललं. ओल्या मातीत एक तपकिरी मादी अंड्यांच्या घोसाला वेटोळं घालून बसली होती. एवढी माणसं बघूनही ती हलली नाही. ओरिसकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"फळी जरा अशीच धरून ठेवा, फोटो काढतो," एक जण म्हणाला.

"पाहिलंत ना? मग बास!" डेल्फी म्हणाली आणि तिने मला अलगद खाली टेकवलं.

दरी वाचली. मी आता खालून कुजते आहे आणि त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागते, मित्रांनो: रानात दगड किंवा ओंडका उचललात, तर होता तसाच हलक्या हाताने परत ठेवा. डेल्फीने त्या दिवशी मला घाईने सोडलं असतं, तर ती आई माझ्याच ओझ्याखाली चिरडली असती.