जपून ठेवलेला डावा बूट

मित्रांनो, जुना बूट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे टाच झिजलेला, तोंड वासलेला, जिन्याखाली पडलेला बूट येत असेल. मी तसा नव्हतो. वयाने जुना पण अंगाने कोरा असा मी डोंगर चढायचा बूट आहे, डाव्या पायाचा. माझ्या चामड्यावर ओरखडा नव्हता. जो बघेल तो म्हणे, "वा, काय छान ठेवलेत." त्या कौतुकावर मी इतका फुगलो होतो, की माझ्या आत काय चालले आहे ते मलाच कळले नाही.

नचिकेत पुण्याहून टोक्योला नोकरीला आला आणि पहिल्या पगाराच्या शनिवारी त्याने आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या उजव्या भावाला, विकत घेतले. दुकानात बूट घालून बघायला एक लाकडी उतार केलेला होता. त्या उतारावर नचिकेत इतक्या वेळा चढला-उतरला, की त्याचा निम्मा डोंगर तिथेच झाला. मला वाटले, हा आपल्याला सगळा जपान दाखवणार. त्याने दोनदा नेले खरे. तिसऱ्या वेळी आभाळ भरलेले दिसले तेव्हा तो म्हणाला, "चांगले बूट आहेत, चिखलात कशाला?" आणि साधे पळायचे बूट घालून निघून गेला.

आमच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे गेले. डांबराच्या गोळ्या आल्या. मग प्लास्टिकची पिशवी, तिला घट्ट गाठ, वर खोका, आणि तो खोका दाराशेजारच्या जोड्यांच्या कपाटात, अगदी वरच्या कप्प्यात.

माणसांचा हिशेब मी माझ्या पद्धतीने मांडतो. माणूस काय वापरतो ते एका बाजूला, काय ठेवून देतो ते दुसऱ्या बाजूला. टोक्योतल्या निशी-कसाई भागातल्या त्या फ्लॅटमध्ये वापरायच्या बाजूला होते कान तुटलेले कप आणि विटलेल्या चादरी. ठेवायच्या बाजूला नवा डिनर सेट, नव्या चादरी आणि आम्ही. नचिकेतची बायको विभा कपाट पुसताना म्हणायची, "या घरात चांगलं ते सगळं पाहुण्यांचं. आणि पाहुणे बिचारे बशी फुटेल म्हणून दोन्ही हातांनी धरून चहा पितात."

"जपलं म्हणून टिकलं ना?" नचिकेत म्हणायचा.

मी वरच्या कप्प्यातून मान डोलवायचो. बरोबर आहे, टिकलो ना.

यंदा वसंत ऋतूत घरी एक पाहुणा आला. नचिकेतचे वडील पंढरीनाथ. सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच, खणखणीत आवाजाचे. जगातल्या सगळ्या नद्या त्यांना तोंडपाठ, पण विमानात बसले ते या वेळी पहिल्यांदा. त्यांची नात जुई अकरा वर्षांची, इथेच वाढलेली. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र कधी जपानीत येते, कधी इंग्रजीत, कधी तिन्हींची मिसळ.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आजोबा, जपानमध्ये साबाकु आहे."

"साबाकु म्हणजे काय गं?"

"डेझर्ट."

"वाळवंट? नाही. जपानात वाळवंट नाही. मी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलंय."

जुईने फोनवर नकाशा काढून त्यांच्यापुढे धरला. टोक्योच्या दक्षिणेला समुद्रात एक बेट, इझु ओशिमा. बेटाच्या मधोमध ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याशी, नकाशावर छापलेले, 'वाळवंट'. पंढरीनाथांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे मी इतक्या पोरांना चूक सांगितलं," ते म्हणाले. "हे बघायला हवं."

विभाने लगेच विचारले, "बाबा, तुमच्या पायाचं काय? डायबेटिस आहे तुम्हाला. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून सांगितलंय ना?"

"थोडी शुगर आहे. पाय ठणठणीत आहेत."

"माझे ट्रेकिंगचे बूट घाला ना," नचिकेत उठलाच. "तुमचा माझा पाय एकच. एकदम नवे आहेत."

गाठ सुटली. किती वर्षांनी मला हवा लागली म्हणून सांगू. विभाने आम्हाला दाबून पाहिले आणि म्हणाली, "एकदा खाली बागेत तरी फिरून या यांच्यात."

"अगं, घरात कशाला मळवायचे? थेट तिथेच घालू," नचिकेत म्हणाला.

मित्रांनो, हा सल्ला दुसऱ्या कुठल्या घरात कुणी दिला असता असे मला वाटत नाही.

बेटावर उतरून, बसने वर जाऊन, वाट सुरू होते तिथे पंढरीनाथांनी आम्हाला चढवले. आणि मी थोडा चक्रावलो. पाय बोलतात. आत शिरला की अंगठा चाचपडतो, करंगळी कुरकुरते, टाच जागा मागते. हा पाय गप्प होता. लेस करकचून आवळली तरी हूं नाही की चूं नाही. मी मनात म्हटले, मास्तरांचा पाय आहे, शिस्तीचा असणार.

आधी झाडी होती. मग झाडी संपली आणि सगळे काळे झाले. जमीन काळी, टेकड्या काळ्या, मध्येच हिरव्या गवताचा एखादा झुबका, आणि दूर निळा समुद्र. पायाखाली ज्वालामुखीची खडी, भाजलेल्या पावासारखी सच्छिद्र, कडेने मात्र फुटक्या काचेसारखी. पुढे वाट दोन काळ्या कड्यांच्या मधल्या घळीत उतरत होती. वारा इतका, की बोलणे ओरडून करावे लागे. पंढरीनाथ ओरडतच होते.

"जुई, हे थर बघ. एकेक थर म्हणजे एकेक उद्रेक. लाल दिसतोय तो लोखंडामुळे."

"आजोबा, सुगोइ," जुई म्हणाली. भारी आहे, असे तिला म्हणायचे होते.

"सुगोइ तर सुगोइ. पण वाळवंट म्हणजे पाऊस कमी. इथे पाऊस भरपूर पडतो, टिकत नाही एवढंच. तेव्हा मी अगदीच चुकीचं शिकवलेलं नाही."

आपली बाजू सोडायची नाही हा मास्तरांचा धर्मच. मला हसू येत होते. तेवढ्यात माझ्या टाचेत काहीतरी भुसभुशीत झाले.

पहिल्यांदा मला वाटले, वाळू असेल. मग कळले, तो मीच होतो. चामडे आणि खालचा रबरी तळ यांच्यामध्ये माझ्यात एक मऊ थर असतो. तो पिठासारखा गळत होता. मी धसका घेऊन उजव्या भावाकडे पाहिले, तर त्याच्याही कडेने भुगा सांडत होता. आम्हाला ना कुणी आपटले होते, ना घासले होते. दोन पावलांत माझा तळ टाचेपासून सुटला, आणखी थोड्या अंतरावर पूर्ण निघाला आणि मागे वाटेवर पडून राहिला. मी पुढे गेलो. आपलाच पाया मागे पडलेला बघणे म्हणजे काय, हे मी कुणाला सांगू?

पंढरीनाथ चालतच होते. त्यांना काही कळले नव्हते. माझ्यात आता तळाला पुठ्ठ्यासारखी एक पातळ पट्टी उरली होती. ती तडकली, फटीतून खडीचा एक टोकदार तुकडा वर आला आणि सरळ त्यांच्या तळव्यात घुसला. मी वाट पाहिली. आता पाय झटकतील, आता 'आई गं' म्हणतील. ते म्हणाले, "आणि ही राख बघ, किती हलकी असते." पुढच्या पावलाला तुकडा आणखी आत गेला. माझ्या आत ओल पसरली, कोमट. ते बोलत राहिले आणि मी भरत राहिलो. त्या घळीत माझ्याइतका हादरलेला दुसरा कुणी नसेल.

मागून जुई आली, हातात माझा तळ धरून. "आजोबा, हे तुमचं आहे का?"

सगळे थांबले. नचिकेतने तो तळ उलटासुलटा केला. त्याचा चेहरा परीक्षेत कोरा पेपर मिळाल्यासारखा झाला. "असं कसं होईल? नवे आहेत."

विभाला हसू आवरेना. "जपून ठेवलेले आहेत ना."

जुईने फोनवर शोधलेसुद्धा. "पापा, इथे लिहिलंय. खूप वर्षं वापरले नाही, आणि पिशवीत बंद ठेवले, की दमट हवेने आतून पावडर होते. चालत राहिलं तर इतक्या लवकर होत नाही."

"वापरले असते तर टिकले असते," विभा म्हणाली. "फ्रेम करून लावा हे वाक्य डिनर सेटच्या वर."

पंढरीनाथही हसले. हसता हसता त्यांनी डावा पाय, म्हणजे मला, उचलून एका दगडावर ठेवला. जुई वाकली आणि म्हणाली, "आजोबा, ब्लड."

हसणे जिथल्या तिथे थांबले.

विभाने त्यांना खाली बसवले, मला काढले. पांढरा मोजा तळाशी लाल झाला होता. मोजा उतरवला तर तळव्यात तो काळा तुकडा रुतलेला. पंढरीनाथ त्याच्याकडे असे बघत होते, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा आहे.

"दुखत नाहीये?" नचिकेतने विचारले.

"नाही."

"काहीच नाही?"

विभाने त्यांचा अंगठा दोन बोटांत धरून चिमटा काढला. "बाबा, आता?"

"आता काय?"

विभाने अंगठा सोडला. "कधीपासून?"

वारा घोंघावत होता, तरी मास्तरांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "झालं वर्ष-दीड वर्ष. डॉक्टर म्हणाले, रोज तळवे बघा, जखम झालेली कळणार नाही. उल्हासलाही हेच म्हणाले होते. माझा मित्र. एका फोडावरून त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. तेव्हापासून मी खाली बघतच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत," नचिकेत म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू मला घरात ठेवलं असतंस. जपून." त्यांनी माझ्याकडे बोट केले. "असंच."

नचिकेतने हातातला माझा तळ खाली ठेवला.

विभाने बाटलीतल्या पाण्याने जखमेच्या कडा धुतल्या. तुकडा तिने उपटला नाही, "ते डॉक्टर बघतील" म्हणाली आणि त्याच्याभोवती पोळ्यांचा स्वच्छ रुमाल अलगद बांधला. आता प्रश्न एकच होता, या पायाने जमिनीला न लागता रस्त्यापर्यंत जायचे कसे. एक पाऊल दाबून पडले तरी तुकडा खोल जाणार. नचिकेतने आपले पळायचे बूट काढून पिशवीत टाकले.

"हे कशाला?" विभाने विचारले.

"याचे तळ गुळगुळीत झालेत, या खडीवर घसरतात. बाबांना घेऊन पडलो तर?" त्याने वडिलांच्या पायातून उजव्यालाही काढले, आम्हाला आपल्या पायांत चढवले, माझा सुटलेला तळ परत माझ्याखाली धरला आणि विभाच्या ओढणीने मला पायासकट गच्च गुंडाळले. उजव्याचा तळ अजून लोंबत होता. त्याला जुईचा स्कार्फ मिळाला. मग तो वडिलांपुढे पाठ करून उकिडवा बसला.

"बसा."

"वेडा आहेस का? मी चालतो टाचेवर."

"बाबा, बसा."

"लोक बघतील रे."

"बाबा, वाळवंट आहे हे," विभा म्हणाली. "लोक कुठून आणायचे?"

ते बसले. आणि मित्रांनो, ज्याने मला पावसात नेले नाही, चिखलात नेले नाही, तो त्या काळ्या खडीवरून बापाला पाठुंगळीला घेऊन चढाला लागला. दोघांचा भार माझ्यावर. माझे उरलेसुरले शिवणीतून सुटत होते. खडी ओढणी फाडत होती. नचिकेतच्या टाचेला लागले तेव्हा त्याचा पाय कळवळला. खरे सांगतो, ते कळवळणे मला गोड वाटले. जिवंत पाय असा असतो. दर थोड्या वेळाने तो थांबून धापा टाकायचा. वरून आवाज यायचा, "उतरव आता," आणि तो वडिलांना पाठीवर वर सरकवून पुढे निघायचा. जुई पुढे पळत जाऊन फोनवरून टॅक्सी बोलवत होती. रस्त्यावर पोचलो तेव्हा तिने जपानीत टॅक्सीवाल्याला सगळे समजावून सांगितलेले होते.

दवाखान्यात तुकडा निघाला, हाडापर्यंत गेला नव्हता. डॉक्टर जे म्हणाले त्याचे जुईने मराठी केले, "आजच आलात म्हणून बरं. चार दिवसांनी आला असतात तर आजोबांचा पाय कापायचं बोलावं लागलं असतं." परतीचे जहाज केव्हाच गेले होते. कुणाच्या ते लक्षातही आले नाही.

जखम भरायला कितीतरी आठवडे लागले. रोज ड्रेसिंग. पंढरीनाथ भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि विभा पट्टी बदलायची. एक दिवस जखम भरली, पट्टी गेली, आणि सगळ्यांना वाटले, सुटलो. मी दाराशी पिशवीत पडून होतो. मला वाटले, आता त्या पायाकडे पुन्हा कुणी बघणार नाही.

नचिकेत तर मला परत खोक्यात घालायला निघाला होता. "आठवण म्हणून," तो म्हणाला.

"आठवणीसाठी भुगा लागत नाही," विभा म्हणाली. "उद्या जाळायचा कचरा नेण्याचा वार आहे. जाऊ दे त्यांना."

मित्रांनो, मी मनापासून विभाच्या बाजूने आहे. बुटांनी झिजून जावे. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी कोंडलेला असेल तर त्याला आजच बाहेर काढा, चिखलात न्या. आणि घरात कुणी 'मला काही होत नाही' म्हणाले तर त्यांच्यावर विश्वास ठेवा, पण एकदा खाली वाकूनही बघा. बाहेरून छान दिसणाऱ्यांच्या आतली खबर त्यांना स्वतःलाही नसते. हे मी फार उशिरा शिकलो.

आज माझी इथली शेवटची संध्याकाळ. दाराच्या पायरीवर पंढरीनाथ बसले आहेत. जुईने त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आहे आणि फोनच्या उजेडात ती बोटांच्या मधली जागासुद्धा तपासते आहे. पंढरीनाथांना ते अजून आवडत नाही. त्यांची नजर छताकडे आहे.

"आजोबा, इकडे बघा ना. तुमचाच आहे."

ते चष्मा नीट करून हळूच खाली बघतात, स्वतःच्या तळव्याकडे.

"काही नाही ना?" ते विचारतात.

"इथे नाही," जुई म्हणते. "आता दुसरा."

ते दुसरा पाय पुढे करतात.