कृतज्ञतेची पेटी

धाकट्या जावेला इस्पितळाच्या धुलाईघरात मीच चिकटवलं, हे आधी सांगते. मी तिथे चौदा वर्षं चादरी धुते. ती येऊन जेमतेम दोन. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, म्हणून टेबलाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला ती. घरी गेलं की पुन्हा तीच समोर. तिचं ते सदा हसरं तोंड दिवसभर बघायचं म्हणजे शिक्षाच.

आमचे मॅनेजरसाहेब कसल्याशा शिबिराला आठवडाभर गेले आणि पार बदलून आले. कामाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं. काम सुटताना, आज जिच्याबद्दल कृतज्ञता वाटली तिचं नाव आणि कारण चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. खाली सही नको. महिनाअखेरीस जिच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त, ती आमच्या पाळीची मुख्य.

"हुद्दा माणसांच्या मनातून मिळाला पाहिजे," साहेब म्हणाले.

ती जागा त्यांनी मला कधीचीच कबूल केली होती!

रोज त्या पाच मिनिटांत मी एक डोळा किलकिला करून धाकटीकडे बघायची. बया खरंच शांत बसलेली असायची. मग इस्त्रीवाली तिला लेकाचा ताप सांगणार, ड्रायरवाली सासूची गाऱ्हाणी, आणि ही मान डोलावणार. साहेबांनी तर शांततेची सुरुवातही तिच्याच तोंडून करवली. "काय प्रसन्न आवाज आहे!" म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आवाजाबद्दल आजवर कुणी बोललं असेल, तर 'हळू बोला' एवढंच.

चिठ्ठ्या कुणाला पडणार हे उघड होतं. म्हणून मी रोज माझंच नाव लिहिलं. हो, लिहिलं! 'शिस्त लावली.' 'मशीनची जाळी साफ केली.' चौथ्या दिवशीच माझे गुण संपले, मग तेच फिरवून फिरवून लिहिले.

महिनाअखेरीस साहेबांनी आकडे वाचले. धाकटी एकोणपन्नास, मी बावन्न. टाळ्या जरा उशिरानेच वाजल्या. बायका एकमेकींची तोंडं बघत होत्या.

"तुमच्या चिठ्ठ्या तुम्हीच ठेवा," साहेब म्हणाले. "वाचा, उमेद येईल."

कपडे बदलायच्या खोलीत बसून मी त्या वाचल्या. माझं अक्षर मला कळणारच. दुसरं अक्षरही रोज आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर बघते मी. सामानाची अर्धी यादी मी लिहिते, अर्धी ती. मी दोन गठ्ठे केले. सव्वीस माझ्या, सव्वीस तिच्या. तिसरं अक्षर नव्हतंच.

'ताईंनी ओल्या चादरीचं जड टोक स्वतःकडे घेतलं.' साहेब बघत होते म्हणून घेतलं होतं मी! 'ताई रागावल्या, पण माझी चालू राहिलेली मशीन बंद करून गेल्या.' एकीवर नुसतंच, 'नोकरी ताईंमुळे.' तिने माझ्याऐवजी कुणाचंही नाव लिहिलं असतं, तरी ती जागा तिचीच होती.

तेवढ्यात दार ढकलून ती आत आली. गठ्ठे माझ्या मांडीवर उघडेच होते. तिची नजर माझ्या अक्षरावर गेली आणि तिथेच थांबली.

"बघा ताई," ती म्हणाली, "मी म्हणत नव्हते? सगळ्या तुमच्या मागे तुमचं कौतुकच करतात."

मेलीने चिडायलाही जागा ठेवली नाही. महिनाभर तिचा हेवा केला, पण त्या क्षणी वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. तिने दोन्ही गठ्ठे एकावर एक ठेवले, रबर लावलं आणि माझ्या पिशवीत घातले.

"चला, शेवटचा गाडा राहिलाय."

चादरी ओल्याच होत्या. जड टोक तिने उचललं, आणि मी उचलू दिलं.